दवाखान्याचं भारमान

खोली भाड्यानं देताना काकाजींनी मला तीन अटी सांगितल्या. नळ सकाळी पाऊण तास येतो, तेवढ्यात पाणी भरून घ्यायचं. गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या नाहीत. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं महिन्यातून निदान एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपरची चिठ्ठी फाडायची.

"आजारी पडलो तर जाऊच की," मी म्हणालो.

"आजारी पडून तं कोणीबी जाते," काकाजी म्हणाले. "त्याच्यात काय मोठं काम हाय?"

म्हातारा गंमत करतोय असं समजून मी हसलो आणि खोली घेतली. त्या घरात मी सहा वर्षं राहिलो. ती गंमत नव्हती. काकाजींना जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी त्यांची आठवण आली की मला आधी राग येतो, बाकीचं मागून येतं.

गाव राळेगाव तालुक्यातलं, बऱ्यापैकी मोठं, प्राथमिक आरोग्य केंद्र असलेलं. मी तिथल्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. कापसाची गाडी भरलेली एकदा तोलायची, रिकामी एकदा तोलायची, दोन्हींतला फरक लिहायचा. रिकाम्या गाडीचं वजन अंदाजानं धरू या, असं म्हणणारे रोज भेटतात. मी दोन्ही आकडे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करत नाही. त्यामुळे गावात माझं नाव काटाबाबू पडलं आणि थोडी नावडही झाली. त्याचं मला काही वाटत नाही.

अशा माणसाला काकाजींसारखा घरमालक मिळावा!

ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. उंच, वाळके, अंगात अजूनही खाकी शर्ट, खिशात दोन पेनं. रोज सकाळी नऊला बूट पुसायचे, नाडी घट्ट बांधायचे, आणि तीनशे पावलांवरच्या आरोग्य केंद्राच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे. खिडकीतला माणूस नाव-वय लिहायचा आणि विचारायचा, "काय होते काकाजी?" काकाजी काहीतरी सांगायचे. तो ते चिठ्ठीवर लिहायचा, रजिस्टरात लिहायचा. काकाजी चिठ्ठी घ्यायचे, वरच्या कोपऱ्यातला त्या दिवसाचा क्रमांक पाहायचे आणि डॉक्टरांच्या खोलीकडे न बघता परत फिरायचे. घरी आल्यावर चिठ्ठी कॅलेंडरशेजारच्या तारेत ओवायची. झालं.

"आत काहून जात नाही?" मी एकदा विचारलं.

"डॉक्टरचा टाइम खऱ्या पेशंटासाठी हाय. मी कायले खाऊ?"

"मग चिठ्ठी कायले फाडता?"

त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते सहा वर्षांत मी किमान शंभरदा ऐकलं. एसटीत भारमान नावाची गोष्ट असते. गाडीत जागा किती आणि माणसं किती, त्याचा हिशेब. भारमान उतरलं की फेरी बंद. आमच्या गावाला संध्याकाळची एक फेरी होती, आणि नोकरीची शेवटची चार वर्षं काकाजी तिच्यावरच होते. लोक काळीपिवळी जीपनं जाऊ लागले. गाडीत आधी अकरा माणसं, मग नऊ, मग सात. शेवटी फेरी गेली.

"लोक म्हणे सरकारनं गाडी बंद केली. सरकारनं नाही केली बाबू. मी मोजून राह्यलो होतो न्. लोकंच खाली उतरले. दवाखान्याचंबी भारमान असते. अर्धा गाव राळेगावले खाजगीत जाते, अन् वर बसलेला साहेब रजिस्टर पाह्यते. म्हणते, इथं माणसंच नाही, डॉक्टर कायले ठेवाव?"

मी त्यांना समजावलं की डॉक्टरचं पद लोकसंख्या पाहून मंजूर होतं, ओपीडी पाहून नाही. तसा कागदही आणून दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला.

"पद मंजूर असते," ते म्हणाले. "माणूस मंजूर असते का? पद इथं राह्यते अन् माणसाले प्रतिनियुक्तीवर दुसरीकडं उचलते. कुठून उचलते? जिथं गर्दी नाही तिथून."

याचा मला जास्त राग आला.

चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांचं रोज कोणाशी तरी वाजायचं. तेव्हा सरकारी विम्याची कार्डं निघत होती, आणि टपरीवरचं एकूण मत असं होतं की आता सरकारी दवाखान्याची गरजच संपली. कार्ड दाखवा, मोठ्या हॉस्पिटलात फुकट ऑपरेशन. आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहणारा मोटारसायकल मिस्त्री हे सगळ्यात जोरात सांगायचा.

"काकाजी, अब कार्ड है. सरकारी में कौन धक्के खाएगा?"

"कार्ड कायले चालते रे? भरती झाला तं चालते. तुया पोराले ताप आला, तं कार्ड दाखवशीन का? कुत्रं चावलं, तं? बाईले दिवस गेले, दर महिन्याले तपासाले कार्ड चालते का?"

"छोटा-मोटा तो खाजगी में दिखा लेते."

"मंग थेच तं! मोठं कार्डावर, छोटं खाजगीत. मंग हा दवाखाना कोणासाठी हाय, मह्या बकऱ्यासाठी?"

टपरी हसायची. काकाजी हसायचे नाहीत. टीव्हीवर आरोग्य धोरणाबद्दल चर्चा लागली, लोकांना काय वाटतं वगैरे, की ते आवाज बंद करून टाकायचे. "मत तोंडात नसते, पायात असते," ते म्हणायचे. "पाय कुठं जाते थे पाहा. हे सारे तोंडानं सरकारी म्हणते अन् पायानं खाजगीत जाते. म्हणून मी रोज मत टाकून येतो. निवडणूक पाच वर्षांनं येते, थे खिडकी रोज उघडते."

एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. एका माणसाची एक खोटी चिठ्ठी. पण त्यांनी भाडेकरूंना लावलं, शेजाऱ्यांना लावलं, बसस्टँडवरच्या जुन्या ओळखीच्या लोकांना लावलं. हळूहळू चाळीसेक माणसं अधूनमधून जाऊन चिठ्ठी फाडू लागली. म्हाताऱ्याला नाही कशाला म्हणा, वर फुकट आहे, म्हणून. माझी बायकोही जायची. मी मात्र तोवर एकदाही गेलो नव्हतो. मला काही होत नव्हतं, आणि काही होत नसताना रजिस्टरात नाव लिहिणं म्हणजे रिकाम्या गाडीवर दगड ठेवून तोलणं.

मी तसं त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "दगड नाही बाबू, माणूस ठेवून राह्यलो."

त्यांची बायको कशी गेली हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कूलरचा पंप उघडून बसले असताना, वर न बघता. तिला दमा होता. एका सकाळी अटॅक आला. खाटेवर घालून तिला याच आरोग्य केंद्रात नेलं. ऑक्सिजनचं सिलिंडर भिंतीशी उभं होतं. डॉक्टरचं पद रिकामं होतं आणि नर्सबाई तांड्यावर लसीकरणाला गेल्या होत्या. शिपायानं सिलिंडरचं चाक फिरवायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही. जीप करून यवतमाळला निघाले. पोचले नाहीत. पुढे ते तालुक्याला तक्रार घेऊन गेले तेव्हा तिथल्या साहेबानं रजिस्टर काढून दाखवलं. "अहो, तुमच्याकडं रोजचे बारा पेशंट. बारा पेशंटांसाठी डॉक्टर कुठून देऊ?"

"बारा," काकाजी म्हणाले, आणि पंपात फुंकर मारली. "त्यात आमची बाई धरली होती का नाही, थे इचाराचं राहूनच गेलं."

पण खोटा आकडा दुःखानं खरा होत नाही, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

आता माझी चूक सांगतो. ती मी लपवत नाही. एका रविवारी त्यांच्या तारेवरच्या चिठ्ठ्या सहज चाळत होतो. सोमवारी दाढदुखी, मंगळवारी कान, बुधवारी खाज, गुरुवारी मुरगळलेला पाय. एकाच माणसाला एका आठवड्यात! बाकीच्यांचंही तसंच, तोंडाला येईल ते. माझं डोकं भणाणलं.

"काकाजी, खोटंच करायचं तर निदान नीट तरी करा! हे कोणीही पाहिलं तरी पकडेल. एक काहीतरी धरा आणि तेच सांगा."

"काय धराव?"

"काहीही. साधंसं."

त्यांनी साधंसं धरलं. ताप. आणि एसटीत वरून आलेली सूचना जशी सगळ्यांना वाचून दाखवतात, तशी ती सगळ्यांना सांगितली. श्रावण संपता संपता आमच्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात दाढा, कान, खाज सगळं गेलं आणि ताप राहिला. तापाचा आकडा रोज संगणकावरून जिल्ह्याला जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी जिल्ह्याची जीप दारात येऊन थांबली. एक अधिकारी, दोन कर्मचारी, धुराचं मशीन. गावात तापाची साथ आहे, आणि ती साथ या एका घरातून पसरते आहे, असं त्यांच्या कागदावर होतं. या घरात सात रुग्ण.

माझ्या बायकोनं नुकतंच पाणी भरलं होतं. पाऊण तासाचं पाणी. ते त्यांनी अळ्या शोधायला म्हणून एकेक भांडं पालथं करून अंगणात ओतलं. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. काकाजींकडे नाही, माझ्याकडे. आमच्या भांड्यात काही निघालं नाही. मिस्त्रीच्या ड्रममध्ये निघालं नाही. अख्ख्या गल्लीत अळ्या निघाल्या त्या एकाच ठिकाणी, काकाजींच्या कूलरमध्ये. उन्हाळा संपल्यापासून त्यातलं पाणी त्यांनी काढलं नव्हतं.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे किती जणांना ताप आहे?"

"एकालाही नाही."

त्यानं कागद पाहिला. माझं नाव वाचलं. "वय सेहेचाळीस?"

"वय बरोबर आहे."

"मागच्या महिन्यात तुम्ही चार वेळा तापासाठी आलात."

"मी मागच्या महिन्यात एकदाही आलो नाही. मी या गावात आल्यापासून एकदाही आलो नाही."

माझ्या मागे काकाजी उभे होते. "साहेब," ते गंभीरपणे म्हणाले, "थे जरा विसरभोळे हाय."

मी आयुष्यात कोणा म्हाताऱ्या माणसावर एवढ्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो. माझ्या नावाच्या चिठ्ठ्या हे स्वतःच फाडत होते! सगळ्यांसमोर मी अधिकाऱ्याला जे होतं ते सांगून टाकलं. भारमान, तार, चाळीस माणसं, सगळं. मिस्त्री म्हणाला, "काटाबाबू, थोडा तो छोड देते." मी काही सोडलं नाही.

जीप गेल्यावर मी काकाजींना म्हणालो, "हे बोगस मतदान आहे. दुसऱ्याच्या नावावर!"

"तुमचं मत कुठं विरोधात होतं?" ते म्हणाले. "नुसतं पडून होतं. म्हणून वापरलं."

पण या सगळ्यात मार कोणाला बसला? काकाजींना नाही, मला नाही. डॉक्टर मॅडमला. त्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, लातूरकडच्या, शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेल्या, आणि आमच्या गावात टिकलेल्या पहिल्या डॉक्टर. त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला. खोट्या साथीची नोंद कशी झाली? तालुक्याहून बातमी आली की त्यांना इथून उचलणार. ज्या डॉक्टरसाठी म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं हे केलं, ती डॉक्टर त्याच्यामुळेच जाणार होती.

दोन दिवस काकाजी खिडकीवर गेले नाहीत. नऊ वाजता बूट घालायचे आणि ओसरीवर बसून राहायचे.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. काकाजी त्या खोलीत पहिल्यांदाच जात होते. खुर्चीवर बसले नाहीत.

"काकाजी," मॅडम म्हणाल्या, "बाहेर साठ चिठ्ठ्या जायच्या आणि माझ्यासमोर पस्तीस माणसं यायची. मला वाटायचं मी हळू आहे. लोक वाट बघून कंटाळतात आणि निघून जातात. मी दुपारचं जेवण बंद केलं होतं, माहितीये? दोन महिने."

काकाजी जमिनीकडे बघत राहिले.

"पोरी, मले..." एवढंच म्हणाले.

मॅडमनी पुढचं सांगितलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासायची, असं वरून काम आहे. मशीन आहे, पट्ट्या आहेत, कोणी येत नाही. ज्याला काही होत नाही तो कशाला येईल? "मी खुलाशात खरंच लिहिणार आहे. ताप नव्हता. पण तुमचे हे तापवाले मला द्या. माणसं तर खरी आहेत ना? मी त्यांना तपासते. मग तेही लिहिते."

यादी करायचं काम माझ्याकडे आलं. रजिस्टरवरून मी नावं उतरवली. बेचाळीस झाली. त्यात माझं होतं, काकाजींनी घातलेलं. मी लाल पेन घेतलं आणि ते कापलं.

"काहून काटता?" काकाजी म्हणाले.

"खोटं आहे म्हणून."

"नाव तं खरं हाय न्."

"मी आलो नव्हतो. यादी बरोबर पाहिजे." एक्केचाळीस.

बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवली, म्हणजे सगळे गावात असतील. काकाजी सकाळपासून आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात उभे. रांग त्यांनी गाडीसारखी लावली. "पुढं सरका, पुढं सरका, मधात लय जागा हाय! दरवाज्यात उभं राहू नका!" माणसं हसत होती. मिस्त्री आत जाताना ओरडला, "काकाजी, मैं तो फोकट का मरीज हूँ, जल्दी छोड देना!"

पाच मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. शुगर तीनशेच्या वर. त्याला दोन वर्षांपासून पाय जळजळल्यासारखे वाटत होते, आणि तो ते गाडीच्या सायलेन्सरवर ढकलत होता.

मी टेबलाशी बसून एकेक आकडा यादीत भरत होतो. अकरा जणांना बीपी निघालं. पाच जणांना शुगर. त्यातल्या दोघांना दोन्ही. म्हणजे चाळीस खोट्या पेशंटांत चौदा खरे होते. मी बेरीज तीनदा केली. ती बरोबर होती आणि मला ती आवडत नव्हती, कारण बाहेर काकाजी सगळ्यांना सांगत होते, "मी तं आधीच म्हणत होतो."

चाळीस म्हणतोय, कारण एक रकाना कोरा राहिला होता. काकाजींचा.

"तुमचं राहिलं," मी म्हणालो. त्या दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

"कंडक्टरनं तिकीट काढाव काय?"

"काकाजी, यादी पूर्ण करायची आहे."

"उद्या. आज रांग मोठी हाय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. तेच उत्तर. मग कापूस यायला लागला, काट्यावर गाड्यांची रांग लागली. मी त्या रकान्यापुढे पेन्सिलीनं एक टिंब ठेवलं आणि यादी मॅडमना देऊन टाकली. अजून एकदा हात धरून नेलं असतं तर तीनशे पावलं होती. पण माझा राग गेला नव्हता, हे खरं कारण. कापसाचं निमित्त.

खुलाशाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. मॅडम राहिल्या. ते चौदा जण दर महिन्याला गोळ्या न्यायला जाऊ लागले, आत जाऊ लागले. काकाजी सुधारले असं मात्र कोणी समजू नये. दुसऱ्याच आठवड्यात ते नऊ वाजता खिडकीवर हजर. आता ताप नाही. "कमजोरी."

फेब्रुवारीत एका सकाळी ते ओसरीवर बुटाची नाडी बांधत बसले होते. मी कामावर निघालो होतो. दोनदा त्यांच्या हातातून नाडी सुटली. "नवी हाय," ते म्हणाले. नाडी जुनीच होती. तिसऱ्यांदा ते नाडीसकट डाव्या बाजूला कलंडले.

मिस्त्रीनं फोन केला, अँब्युलन्स आली. मी त्यांच्याबरोबर बसलो. बायकोनं हाताला लागतील ते त्यांचे कागद पिशवीत कोंबून दिले. गाडी आरोग्य केंद्रासमोरून यवतमाळच्या रस्त्याला लागली तेव्हा काकाजींचा उजवा हात वर उठला आणि त्यांनी हवेत एकदा काहीतरी खाली ओढलं. पाणी मागत असतील असं मला वाटलं. फाट्याच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं. जुन्या गाड्यांत घंटीची दोरी असायची. एकदा ओढली की थांबवा. दोनदा ओढली की चला.

यवतमाळला वॉर्डातल्या डॉक्टरनं विचारलं, "आधीचे काही कागद? बीपी किती असायचं?"

मी पिशवीतून ती तार काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर बघतच राहिला. "अरे वा, इतके केसपेपर! मग यात असेलच."

मी दुपारभर व्हरांड्यात बसून एकेक चिठ्ठी पाहिली. गेल्या तीन वर्षांच्याच, तरी नऊशे बारा होत्या. नाव आहे, वय आहे, तारीख आहे, वर क्रमांक आहे. दाढ, कान, खाज, ताप, कमजोरी. बीपी कोणत्याही चिठ्ठीवर नव्हतं. नऊशे बारा वेळा माणूस दवाखान्यात गेला आणि एकदाही कोणी त्याच्या दंडाला पट्टा बांधला नाही, कारण त्यानं बांधू दिला नाही. मला इतका संताप आला की मी ती तार पिशवीत कोंबताना बोट कापून घेतलं.

चौथ्या दिवशी ते थोडे शुद्धीत आले. तोंड वाकडं, शब्द नीट फुटत नव्हते. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून ते काहीतरी फाडल्यासारखं करत होते. त्यांची मुलगी अमरावतीहून आली होती. तिनं पाणी दिलं, चादर दिली, फोन दिला. त्यांनी सगळं बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा फाडलं.

चार दिवस खिडकीवर कोण गेलं, असं ते विचारत होते.

"जातो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गावी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीशी उभा राहिलो. खिडकीतल्या माणसानं वर पाहिलं. "अरे, काटाबाबू! काय होते?"

मला काहीच होत नव्हतं. ताप म्हणायला जीभ वळेना. मी विचार केला की खोटं न बोलता काय सांगता येईल. "बीपी दाखवायचं आहे."

चिठ्ठी घेऊन मी आत गेलो. मॅडमनी पट्टा बांधला, पाहिलं, थोडं थांबून पुन्हा बांधला. एकशे चौसष्ट, एकशे दोन.

"कधीपासून आहे?"

"माहीत नाही."

"तपासणीच्या दिवशी किती होतं तुमचं?" त्यांनी कपाटातून यादी काढली आणि माझं नाव शोधलं. ते सापडलं. त्यावरून लाल रेघ गेली होती, पट्टीनं मारलेली, सरळ.

"त्या दिवशी मी नव्हतो," मी म्हणालो. "मी यादी करत होतो."

मॅडमनी यादी परत कपाटात ठेवली. गोळ्या लिहून दिल्या. मी गोळ्या घेऊन व्हरांड्यात आलो, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की त्या यादीत कोरे रकाने दोन होते. मी एकच मोजला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी यवतमाळला परत गेलो. काकाजी जागे होते. मी चिठ्ठी त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मला वाटलं, आकडा पाहतील. निदान मॅडमनी दोनदा अधोरेखित केलेला तो आकडा. त्यांचा अंगठा सरकत वरच्या कोपऱ्यात गेला.

"ते... तेवीस?" त्यांना शब्द फुटला. पहिला शब्द. "तेवीसच?"

एकशे चौसष्ट-एकशे दोन त्यांनी वाचलंच नव्हतं. या माणसापुढे काय डोकं आपटायचं?

"मी साडेदहाला गेलो होतो," मी सांगितलं. "बारापर्यंत खिडकी उघडी असते. माझ्यामागे अजून लोक होते." मी मागे वळून मोजले होते. "सहा."

ते थोडा वेळ बेरीज करत असल्यासारखे छताकडे बघत राहिले. मग चिठ्ठी छातीवर ठेवून त्यांनी उजवा हात वर उचलला आणि हवेतली दोरी ओढली. दोनदा.